आषाढासाठी सोडलेली फट

माणूस दुरावला की त्याच्याबद्दल गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते जमणार नाही. आमच्या सरांचा मला राग येतो. आजही येतो. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरचाच आहे हे मला कळतं, पण कळल्यानं तो कमी होत नाही.

सर सुतारकाम शिकवायचे. धर्माबाद-बिलोलीच्या पट्ट्यात एका खाजगी संस्थेचं तंत्रविद्यालय आहे, त्याचं नाव सांगत नाही. तिथं मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढं त्यांच्याच हाताखाली शिक्षक म्हणून लागलो. अभ्यासक्रमात दारं, खिडक्या, टेबल, स्टूल एवढंच होतं. सर बोलायचे मात्र चीनच्या जुन्या खुर्च्यांबद्दल. हैदराबादला रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, तिथून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. चीनमधल्या फर्निचरचा पार हजार-दोन हजार वर्षांचा इतिहास, पानापानावर फोटो. त्याला त्यांनी पोरांच्या वह्यांना घालतात तसं खाकी कव्हर घातलं होतं. साबणानं हात धुतल्याशिवाय पुस्तकाला बोट लावू देत नसत. स्वतःचं इंग्रजी यथातथाच, म्हणून मांडीवर डिक्शनरी घेऊन बसायचे आणि आठवड्याला एक पान उरकायचे. मागून आम्ही त्यांना चिनी सर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला तर वाटतं आवडतही होतं.

दरवर्षी नव्या वर्गाला ते पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायचे. तुमच्या घरी पहिली खुर्ची कधी आली, आणि तिच्यावर पहिलं कोण बसलं? पोरं हसायची. कुणी म्हणायचं, बहिणीच्या लग्नात जावयासाठी आणली. कुणी म्हणायचं, आली तेव्हापासून तिच्यावर टीव्हीच आहे. मी ताठ मानेनं सांगितलं, आजोबांनी आणली आणि आजोबाच बसले. सरांनी मान हलवली आणि विचारलं, "आन म्होरं कोण हुभं होतं?" ते मला ठाऊक नव्हतं. म्हणाले, घरी विचारून ये. मी विचारलं. वडील म्हणाले, कोण म्हणजे, सालगडी, आणखी कोण. दुसऱ्या दिवशी मी ते जसंच्या तसं सरांना सांगितलं. त्यात काही आहे हे माझ्या गावीही नव्हतं. सर नुसतं "बरं" म्हणाले आणि माझ्या हातात रंधा दिला. त्या "बरं"चा मला अजून राग आहे. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर बौद्ध. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला. ते आजोबा एकदा कसल्या तरी कागदासाठी गावच्या चावडीवर गेले होते. तिथं चार खुर्च्या होत्या, त्यातल्या तीन रिकाम्या. आजोबा दोन तास उभे राहिले. ही गोष्ट पुरी अशी सरांनी आम्हाला एकदाच सांगितली, तीही पटाशीला धार लावता लावता, मान वर न करता. "तीन खुर्च्या खाली होत्या," एवढंच पुन्हा म्हणाले आणि दगडावर पाणी टाकलं.

त्या पुस्तकातला त्यांचा सगळ्यात लाडका भाग मात्र दरवर्षी यायचा. चीनमध्येही पूर्वी सगळे जमिनीवर, चटईवर बसत. राजासुद्धा. मग उत्तरेकडून घोड्यावरचे लोक आले, त्यांच्याबरोबर घडीचं स्टूल आलं. आणि उंच आसनावर बसायची रीत नेली ती बौद्ध भिक्खूंनी. पुस्तकात हे एक मत म्हणून दिलं होतं, खाली शंभर शंका होत्या. सरांनी शंका गाळल्या आणि मत तेवढं ठेवलं. वर्गात येरझारा घालत सांगायचे, "हितून गेली खुर्ची तिकडं. भिक्खूंनी नेली. त्यायनी तिच्यापायी सगळं घर बदललं, टेबल उंच केलं, खिडकी उंच केली, जेवायची भांडी बदलली. आन आमचा आजा हितं हुभाच." मग एकदम म्हणायचे, चला, कुसू काढा.

कुसू म्हणजे एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ. ती दुसऱ्या लाकडाच्या भोकात अशी बसवायची की खिळा लागत नाही, गोंद लागत नाही. चीनच्या जुन्या सुतारांनी हे इतकं वर नेलं की चारचारशे वर्षांच्या खुर्च्या आजही न करकरता उभ्या आहेत, असं सर सांगायचे. खिळ्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. म्हणायचे, "खिळ्यानं लाकूड ऐकत न्हाई, नुसतं गप बसतंय. आन गप बसलेलं लाकूड कदी ना कदी फाटतंय." दोन लाकडांच्या मधे केसभर फट राहिली तर ते अख्खा सांधा मोडायला लावायचे. एका वर्षी त्यांनी सगळा वर्ग नापास केला होता. पालक आले, भांडले, सर ढिम्म. शेवटी संस्थेनं परस्पर मार्क वाढवले.

त्यांची एक सवय फार वाईट होती. कुठंही गेले तरी बसायच्या आधी खुर्ची उलटी करून बघायचे. बँकेत, लग्नाच्या मांडवात, तहसीलमध्ये. देगलूरला मला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारा माणूस म्हणून मी हौसेनं त्यांना बरोबर नेलं. मुलीच्या वडिलांनी नवाकोरा सोफा घेतला होता. सरांनी त्यातली एकेरी खुर्ची उचलली, आडवी केली, खालचं कापड वर सारून आत हात घातला आणि म्हणाले, "पाव्हनं, फसवलं तुमाला. आत निस्ती पेटीची लाकडं हायती." कसेबसे पोहे खाऊन आम्ही उठलो. ते स्थळ गेलं. परत येताना बसमध्ये मी त्यांच्यावर चांगलाच उखडलो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, खोट्या खुर्चीवर बसून खरी सोयरीक कशी व्हईल. माझं लग्न पुढं दुसरीकडं झालं. त्या लग्नात मी सरांना जेवायच्या पंगतीत बसवलं, खुर्च्यांपासून लांब.

एवढा सोवळा माणूस, पण प्लास्टिकच्या खुर्चीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. आम्हाला वाटायचं, हिच्यावर तर ते थुंकतील. पण ते म्हणायचे, "हिच्यावर सगळे बसतेत. कुनी इचारत न्हाई तू कोन. लई मोठं काम केलंय हिनं." आणि मग पुढं म्हणायचे, पण ती उन्हात दोन वर्षांत तडकते, तेवढी तुम्ही टिकाऊ करा.

सीमेवर चीनशी काही झालं की संस्थेतल्या लोकांना जोर चढायचा. एकदा अध्यक्षांचा एक माणूस कार्यशाळेत आला आणि म्हणाला, हे चीनचं कौतुक बंद करा, पोरांवर परिणाम होतो. सरांनी त्याला शांतपणे खिशातला मोबाईल काढायला सांगितला, तो कुठं तयार झाला ते मागं छापलेलं वाचायला लावलं, आणि म्हणाले, मी ज्यांच्याबद्दल बोलतो ते सुतार मरून चारशे वर्षं झाली, त्यांच्याकडून युद्धाची भीती नाही. तो माणूस गेला, पण अध्यक्षांच्या कानावर काय घालायचं ते घालून गेला. सरांना असले वैरी फुकट जमवायची खोड होती.

आता त्या खुर्चीचं सांगतो.

संस्थेला अनुदान मिळायची हवा तयार झाली होती. तपासणीला मोठी माणसं येणार, म्हणून अध्यक्षांना आपल्या दालनात एक दणदणीत खुर्ची पाहिजे होती. हातांना सिंहाची तोंडं, वर सोनेरी पॉलिश, लाल मखमल. सरांना बोलावून त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. सरांनी फोटो पाहिला, हो म्हणाले, आणि तीन महिने खपून भलतंच काहीतरी केलं. किनवटकडचं जुनं सागवान मिळवलं. पाठीचा वरचा दांडा एका हाताच्या मुठीपासून निघून पाठीमागून फिरून दुसऱ्या हाताच्या मुठीशी येणारा, एकच सलग वळण. मधली पाठफळी माणसाच्या कण्यासारखी वळवलेली. ती नीट वळावी म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांच्या पाठीवर उभी पट्टी धरून बाक टिपून घेतला होता. सिंह नाही, मखमल नाही, एक खिळा नाही. अध्यक्षांचा चेहरा पडला. पण नांदेडहून आलेल्या एका पाहुण्यानं तिच्यावरून हात फिरवून वाहवा केली, म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली.

बसायची जागा म्हणजे लाकडाची चौकट आणि तिच्या आत बसवलेली एक रुंद फळी. चौकटीला आतून खाच होती आणि फळीच्या कडा त्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना बारीक फट. ती सरांनी वर्गाला बोट घालून दाखवली होती. लाकूड मेलं तरी पाणी पितंय, म्हणाले. उन्हाळ्यात आटतंय, पावसाळ्यात फुगतंय. चीनच्या सुतारांनी हे ओळखलं आणि फळीला मोकळं सोडलं. "ही फट चूक न्हाई. आषाढाची जागा हाय ती. ही बुजवली की पावसात फळी चौकट फोडून भाईर येनार." हे ऐकणाऱ्यांत मी पुढं उभा होतो. तेव्हा मी विद्यार्थी नव्हतो, शिक्षक होतो. मी ते फळ्यावर लिहूनही दिलं होतं.

वैशाखात फळी आटली. आमच्याकडचं ऊन माणसाला वाळवतं, तिथं सागवानाचं काय. अध्यक्ष बसले, हलले, की खालून टक टक आवाज यायचा. एका बैठकीत दोघातिघांनी एकमेकांकडं बघून तोंड दाबलं. सर सुट्टीला लातूर जिल्ह्यात, देवणीजवळच्या आपल्या गावी गेले होते. अध्यक्षांनी मला बोलावलं. फट बुजव, आवाज बंद कर. मी म्हणालो, सरांना फोन करून विचारतो. ते म्हणाले, "कामून? तुला येत न्हाई का?" मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, अनुदान येऊन राहिलंय, सुतारकामाला जागा एकच मंजूर होणार, यादी माझ्या सहीनं जाणार. सरांची चौदा वर्षं झाली होती, माझी चार. यादीत एकच नाव जाणार असेल तर ते कुणाचं हे पोरंसोरंही सांगू शकली असती. अध्यक्ष म्हणाले, "त्यो मानूस डोस्क्यात जातोय. तू आपला हायस."

आपला म्हणजे कोण, ते मला कळलं. न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. आजोबांच्या खुर्चीसमोर कोण उभं होतं ते मी कधीच विचारून आलो होतो.

मी एका दुपारीत काम उरकलं. सागवानाचाच भुसा वस्त्रगाळ केला, गोंदात कालवून लुगदी केली, ती फटीत आतपर्यंत दाबून भरली. वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, रंग जुळवला, दोन हात पॉलिश दिलं. काय करतोय हे मला पुरतं माहीत होतं. पावसाळ्यात काय होणार तेही माहीत होतं. तरी मी ते मन लावून केलं, आणि खोटं कशाला बोलू, झाल्यावर चार पावलं मागं सरकून स्वतःच्याच कामाकडं कौतुकानं पाहिलं.

आषाढात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी अध्यक्षांकडं पाहुणे बसले असताना खुर्चीच्या चौकटीचा कोपरा मोठा आवाज करून उघडला. अध्यक्ष एका अंगाला कलले. लागलं काही नाही, पण पाहुण्यांच्या हातावर चहा सांडला. दुसऱ्या दिवशी दालनात चौकशी बसली. समितीचे पाच जण खुर्च्यांवर, सर आणि मी समोर उभे.

सरांनी आधी आपल्या सवयीप्रमाणे खुर्ची आडवी केली. कोपरा पाहिला. अंगठ्याच्या नखानं कडेची लुगदी उकरली, बोटांत चोळली. म्हणाले, ही मी भरलेली नाही. मग कुणी, असं समितीतल्या एकानं विचारलं. सर माझ्याकडं वळले.

"उन्हाळ्यात तू होतास हितं. कुनी भरली?"

मी म्हणालो, "मला माहीत न्हाई सर."

अध्यक्ष वर पंख्याकडं बघत होते. सरांनी एकट्यानं खुर्ची उचलून खिडकीशी नेली. उजेडात धरली. कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "काम लई साफ हाय," म्हणाले. "रंगात फरक न्हाई, बोटाला उंचवटा लागत न्हाई. हात माझ्याच शाळेतला हाय." खुर्ची तिथंच खाली ठेवली आणि ते बाहेर निघून गेले.

समितीनं टिपणात लिहिलं की सदर दोष आपल्या शाळेतील हाताचा असल्याचे निदेशकांनी, म्हणजे सरांनी, मान्य केले. मी ते टिपण वाचलं. त्यावर साक्षीदार म्हणून सहीसुद्धा केली. महिनाभरात यादी गेली, तिच्यात माझं नाव होतं. सरांना पुढच्या वर्षापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. त्यांनी आपली पटाशी, रंधा, ते खाकी कव्हरचं पुस्तक पोत्यात भरलं आणि देवणीच्या बाजूला आपल्या गावी निघून गेले.

इथंच मला त्यांचा संताप येतो. केसभर फटीसाठी अख्खा वर्ग नापास करणारा हा माणूस, सोयरिकीत पाहुण्याचा सोफा उलटा करणारा, अध्यक्षाच्या माणसाला मोबाईल काढायला लावणारा. मग त्या दिवशी का नाही भांडला? कोर्टात जायचं होतं. माझी गचांडी धरायची होती, सगळ्यांसमोर मुस्काटात मारायची होती. चौदा वर्षं होती त्याच्या बाजूला. चार कागद गोळा केले असते तर अध्यक्षाला पळता भुई थोडी झाली असती. ते राहिलं बाजूला, आणि जाता जाता माझ्या कामाची तारीफ करून गेला. असली तारीफ कुणाला पाहिजे होती? अध्यक्ष अजून आहेत. आता ते नांदेडहून आणलेल्या फिरत्या रेक्झिनच्या खुर्चीवर बसतात आणि माझ्याशी गोड बोलतात.

दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत मी सरांच्या गावी गेलो. बायकोला सांगितलं, कामानं चाललोय. दारासमोर पत्र्याच्या शेडमध्ये ते काम करत होते. दरवाजाची चौकट होती, बाजूला चार साध्या खुर्च्या होत्या, गावातल्याच कुणाच्या तरी. त्यातली एक पुढं सरकवून मला म्हणाले, "बसा." मला ते कायम अरे-तुरे करायचे. मी बसलो. ते उभेच होते.

मी घरून वाक्य जुळवून आणलं होतं, ते विसरलो. सरळ म्हणालो, "सर, ती फट मी बुजवली होती."

"माहीत हाय."

"त्या दिवशी मला बोलता आलं न्हाई."

"त्या खोलीत सगळ्यायला माहीत होतं," ते म्हणाले. "ज्यानं सांगितलं त्याला माहीत होतं. ज्यायनी लिहून घेतलं त्यायला माहीत होतं. तुमालाच वाटून राहिलं होतं की झाकलं म्हनून."

मग त्यांनी हातातला रंधा बाकावर ठेवला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "राजीनामा देऊन आलाव का?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मंग चहा घ्या," म्हणाले आणि आत आवाज देऊन एक कप सांगितला. रंधा उचलून ते पुन्हा कामाला लागले. चहा आला. मी तो प्यायलो, कप खाली ठेवला, येतो म्हणालो. उदगीरहून परतीची बस मिळाली. सुट्टी संपली त्या सोमवारी सुतारकामाचा पहिला तास होता, तो मी घेतला.